सोलापुरातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी वेबसाईट: कुठल्या प्लॅटफॉर्मवर, कशी आणि किती खर्चात

वेबसाईट बनवायची म्हटलं की आपण आधी यूट्यूबवर "म्युझिशियनसाठी बेस्ट वेबसाईट बिल्डर" असले व्हिडिओ लावून बसतो, आणि ते सगळे व्हिडिओ अशा बँडसाठी असतात ज्यांना टीशर्ट विकायचेत, अल्बम विकायचेत, टूरची तिकिटं विकायचीत. आपल्याकडं चालते सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बुकिंग. हळद, वरात, गणपती, नवरात्र, शिवजयंती, भीमजयंती, जागरण-गोंधळ, एखाद्या बँकेचा वर्धापनदिन, हुतात्मा स्मृती मंदिरातला सुगम संगीताचा कार्यक्रम. सोलापुरातला शंभरातला एखादा कलाकार गाणी विकून कमावत असेल, बाकी सगळ्यांचं घर कार्यक्रमांवर चालतं. म्हणून माझं सरळ म्हणणं असंय की साईट सुपारी मिळवायला बनवा, बाकीचं नंतर बघू, आणि प्लॅटफॉर्मसुद्धा, म्हणजे साईट जिथं बनवायची ती सेवा, त्याच हिशोबानं निवडा.

आता साईट उघडणार कोण हे डोळ्यासमोर आणा. मंडळाचा अध्यक्ष, मुलीचे वडील, कॉलेजचे गॅदरिंगवाले सर. ते कॉम्प्युटर लावून बसत नाहीत, कोणीतरी व्हॉट्सॲपवर लिंक टाकली म्हणून साध्या फोनवर उघडतात, आणि त्यांना चारच गोष्टी बघायच्या असतात: काय वाजवता, कसं वाजवता, आमची तारीख मोकळी आहे का, आणि फोन कुठं लावायचा. हे चार जिथं पटकन दिसतं ती साईट चांगली, मग ती फुकटची का असेना.

"इन्स्टा आहे की, साईट कशाला बे?" हे हमखास ऐकायला मिळतं. इन्स्टा ठेवाच, पण ती भाड्याची जागा आहे. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं तेव्हा गावोगावच्या किती कलाकारांचे फॉलोअर एका रात्रीत गेले आठवून बघा. मायस्पेस नावाची एक साईट होती, एकेकाळी जगभरातले बँड तिथंच असायचे, त्यांनी सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ मधली करोडो गाणी उडवली आणि २०१९ मध्ये सॉरी म्हणून मोकळे झाले. गूगलनं दुकानदारांना बिझनेस प्रोफाईलवरून फुकट साईट बनवून दिल्या होत्या, मार्च २०२४ मध्ये त्या पण बंद केल्या, आणि ज्यांनी फ्लेक्सवर नि कार्डावर तोच पत्ता छापला होता त्यांचं सगळं छापकाम वाया. त्यामुळं पहिलं पाऊल प्लॅटफॉर्म नाहीच.

पहिलं काम: डोमेन, आणि ते स्वतःच्या नावावर

डोमेन म्हणजे तुमचा पत्ता, "अमुकतमुक डॉट इन" किंवा "डॉट कॉम". उद्या प्लॅटफॉर्म बदलला तरी पत्ता तोच राहतो, फक्त आतून तो नव्या ठिकाणी वळवायचा. डॉट इन आपल्याकडच्यांना पुरतं आणि वर्षाला साधारण हजाराच्या आतबाहेर पडतं. पहिल्या वर्षाची ऑफर बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षीचा रिन्युअलचा आकडा आधी वाचा, तोच खरा भाव.

नाव असं घ्या की फोनवर सांगितलं तर समोरच्याला स्पेलिंग विचारावं लागणार नाही. "स्वरगंध" मध्ये डब्ल्यू की व्ही, "धनश्री" मध्ये एच कुठं, असली भांडणं होतात, मग जमलं तर दोन्ही स्पेलिंगं घेऊन ठेवा आणि एक दुसऱ्यावर वळवा. नावात सोलापूर घातलं तरी चालतं, फक्त तुम्हाला पुढं पुण्या-मुंबईच्या सुपाऱ्या हव्या असतील तर जरा विचार करा. देवनागरीत डॉट भारत डोमेन २०१४ पासून मिळतंय, दिसायला छान दिसतं, पण लोकांना टाईप करायची सवय नाही आणि काही ठिकाणी ते विचित्र इंग्रजी अक्षरांत उलगडतं, म्हणून हौस असेल तर जोडीला घ्या, मुख्य पत्ता म्हणून नको.

आणि हे ठळक अक्षरात वाचा. डोमेन विकत घेताना ईमेल तुमचा, मोबाईल तुमचा, पासवर्ड तुमच्याकडं. आपल्याकडं हमखास असं होतं की फ्लेक्सवाल्याच्या ओळखीचा पोरगा म्हणतो "दादा मी करतो सगळं", तो त्याच्या ईमेलवर डोमेन घेतो, मग तो पुण्याला नोकरीला जातो, नंबर बदलतो, आणि वर्षानं डोमेन संपलं की तुमच्या पार्टीच्या नावावर कुठलीतरी जुगाराची साईट उघडते. काम पोराकडून करून घ्या, पैसे पण द्या, पण खातं तुमचं.

दुसरं काम: माल गोळा करणं

बिल्डर, म्हणजे साईट बनवायचं टूल, उघडायच्या आधी फोनमध्ये एक फोल्डर करा. बहुतेक साईट अर्धवट राहतात त्या इथंच, कारण साईट बनवायला बसल्यावर फोटो शोधायला लागतो आणि मग चहा, मग उद्या.

फोटो तीन-चारच पण नीट. एक सगळ्या पार्टीचा, एक मुख्य गायकाचा जवळून, एक स्टेजवरचा ज्यात समोर पब्लिक दिसतंय. लाल-निळ्या एलईडीत काढलेला फोटो फोनवर चिखल दिसतो, त्यापेक्षा सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला किंवा कुठल्याही मोकळ्या जागी ऊन चढायच्या आत काढलेला बरा. फोटोग्राफरकडून व्हॉट्सॲपवर मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठव" सांगा, नाहीतर व्हॉट्सॲप त्याचा रस काढून पाठवतं. साईटवर टाकताना मात्र उलटं करायचं, स्क्वूश किंवा टायनीपीएनजी असल्या फुकट टूलमधून साईज कमी करून २०० केबीच्या आसपास आणा, म्हणजे गावाकडच्या रेंजमध्ये पण पटकन उघडतो.

व्हिडिओ एकच, दीड मिनिटाचा, आणि सुरुवातीच्या दहा सेकंदात तुमचं सगळ्यात जोरदार जे आहे ते. दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांचे सत्कार कापा. हा व्हिडिओ साईटवर थेट चढवू नका, यूट्यूबवर टाका आणि साईटवर एम्बेड करा, म्हणजे तिथलाच व्हिडिओ आपल्या पानात दिसेल असा लावा, वजन यूट्यूब उचलतं.

ऑडिओ द्यायचा असेल तर गणित साधं आहे: सीडी क्वालिटीची वेव्ह फाईल मिनिटाला साधारण १० एमबी, ३२० केबीपीएसची (हा आवाजाच्या दर्जाचा आकडा) एमपीथ्री अडीच एमबीच्या आत, १२८ ची जेमतेम एक एमबी. ऐकवायला १२८ ते १९२ पुरेशी आहे, मूळ वेव्ह हार्डडिस्कवर जपून ठेवा. स्पॉटिफायचा प्लेअर साईटवर लावला तर ज्याचं लॉगिन नाही त्याला सहसा ३० सेकंदांचाच तुकडा ऐकू येतो, अध्यक्षसाहेबांना वाटतं गाणंच तेवढं आहे!

मजकूर दोन प्रकारचा लिहा. एक तीन ओळींचा, जो निवेदकाला तसाच वाचता येईल. दुसरा जरा मोठा, गुरू कोण, किती वर्षं, कुठं कुठं कार्यक्रम केले. "सुप्रसिद्ध", "महाराष्ट्राचे लाडके" हे शब्द सगळेच लिहितात म्हणून कोणी वाचत नाही, त्यापेक्षा "सहा जणांची पार्टी, ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड, मराठी-हिंदी-कन्नड गाणी" हे लिहिलेलं कामाला येतं.

तिसरं काम: प्लॅटफॉर्म

*गूगल साईट्स.* पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत, जीमेल असलं की झालं. यूट्यूब, गूगल मॅप, कॅलेंडर, फॉर्म सगळं आपोआप बसतं आणि स्वतःचं डोमेन पण जोडता येतं. दिसायला साधं आहे, ऑनलाईन दुकानाची सोय नाही, आणि बनवायला कॉम्प्युटरवरच बसावं लागतं, फोनवरून जमत नाही. भजनी मंडळ, शाहीर, एकटा तबलजी किंवा ज्यांना आजच काहीतरी उभं करायचंय त्यांनी डोळे झाकून इथून सुरुवात करावी, खर्च फक्त डोमेनचा.

*कार्ड,* म्हणजे सी-ए-आर-आर-डी. एकच पान, पण एकदम देखणं आणि फोनवर झकास दिसणारं. फुकटमध्ये त्यांच्या पत्त्यावर चालतं, स्वतःचं डोमेन आणि एम्बेड हवं असेल तर वर्षाला साधारण १९ डॉलर, म्हणजे एका साऊंडवाल्याच्या चहापाण्याएवढे पैसे. एकटा गायक, रॅपर, कीबोर्डवाला यांना मी हेच सांगतो. चार पानं, बातम्या, गाण्यांची यादी असलं वाढवायचं असेल तर मात्र लवकर अपुरं पडतं.

*विक्स आणि स्क्वेअरस्पेस.* विक्समध्ये माऊसनं उचलून कुठंही काही ठेवता येतं, हेच त्याचं सुख आणि हेच दुःख, कारण कॉम्प्युटरवर छान दिसतं आणि फोनवर बटण फोटोच्या खाली जाऊन बसतं, म्हणून मोबाईल व्ह्यू वेगळा तपासायलाच लागतो. फुकट प्लॅनमध्ये वर विक्सची जाहिरात आणि त्यांचा पत्ता. नेहमीच्या एडिटरमध्ये टेम्प्लेट (तयार साचा) एकदा घेतलं की मजकुरासकट दुसरं बदलता येत नाही, आणि विक्सवरची साईट उचलून दुसरीकडं नेता पण येत नाही, नव्यानंच बांधावी लागते. स्क्वेअरस्पेस दिसायला सगळ्यात सुबक, पण फुकट प्लॅन नाही, १४ दिवसांची ट्रायल असते आणि मग डॉलरात बिल. शास्त्रीय गायक, फ्युजन बँड, कॉर्पोरेटचे कार्यक्रम करणारे यांना शोभतं, बँजो पार्टीला तेवढा खर्च कशाला.

*बँडझूगल.* हे खास संगीतवाल्यांसाठीच बनवलंय, कॅनडाचं, २००३ पासून आहे. प्लेअर, कार्यक्रमांचं कॅलेंडर, प्रेस किट (माहिती-फोटोंचा संच), मेलिंग लिस्ट सगळं आत आहे आणि गाणी विकली तर ते कमिशन घेत नाहीत, ३० दिवस फुकट वापरून बघता येतं. कागदावर आपल्यासाठी हेच सगळ्यात योग्य वाटतं. पण घोडं अडतं पैशाच्या दारात, कारण विक्रीचे पैसे पेपॅल किंवा स्ट्राईप या ऑनलाईन पेमेंटच्या सेवांमधून येतात, आणि पेपॅलनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पेमेंट बंद केलंय, स्ट्राईप २०२४ पासून भारतात नवीन खाती फक्त निमंत्रण असेल तरच उघडतं. म्हणजे अक्कलकोट रोडच्या माणसानं जुळे सोलापूरच्या गायकाचं गाणं तिथून विकत घ्यायचं म्हटलं तर अवघड. परदेशात ऐकणारे असतील तर बँडझूगल मस्त, फक्त देशी सुपारीसाठी महाग.

*बँडकॅम्प* ही पूर्ण वेबसाईट नाही, गाणी विकायचं पान आहे, आणि त्या कामाला ते अजूनही चांगलं आहे. पान फुकट, डिजिटल विक्रीवर १५ टक्के त्यांचे, वस्तूंवर १०. इथंही पैसे काढायला पेपॅल लागतं, म्हणून परदेशी श्रोत्यांसाठी ठेवा आणि आपल्या साईटवरून लिंक द्या.

*वर्डप्रेस.* जगातल्या पाचातल्या दोन साईट यावरच आहेत, आणि इथं दोन गोष्टींची गल्लत होते. वर्डप्रेस डॉट कॉमवर ते होस्टिंगसकट, म्हणजे साईट ठेवायच्या जागेसकट देतात. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर सॉफ्टवेअर फुकट मिळतं, होस्टिंग तुम्ही घ्यायचं. दुसऱ्या प्रकारात पूर्ण मालकी तुमची, रेझरपे (ऑनलाईन पैसे घ्यायची देशी सेवा) जोडता येतं, मराठी-कन्नड-तेलुगू पानं करता येतात, सगळं बाहेर काढून दुसरीकडं नेता येतं. पण प्लगिन (वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं) अपडेट करायला लागतात, नाही केले तर साईट हॅक होते, आणि होस्टिंगचा पहिल्या वर्षीचा भाव आणि नंतरचा भाव यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. घरात असलं बघणारं कोणी असेल तरच यात पडा, नाहीतर दोन वर्षांनी उघडल्यावर औषधांच्या जाहिराती दिसतील.

माझा कौल विचाराल तर सुरुवात गूगल साईट्स किंवा कार्डवर, वर्ष-दोन वर्षांनी साईटवरून खरंच फोन यायला लागले आणि जागा कमी पडली की वर्डप्रेस किंवा स्क्वेअरस्पेस. डोमेन तुमच्या हातात असलं की हा बदल कुणाला कळत पण नाही.

परदेशी प्लॅनचं बिल भरताना एक भानगड होते. आपल्या बँकेच्या कार्डांवर इंटरनॅशनल व्यवहार बंदच असतात, बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. आणि ऑक्टोबर २०२१ पासून ऑटो-डेबिटचे नियम कडक झाल्यामुळं दर महिन्याचा हप्ता कधीकधी फेल जातो आणि साईट बंद पडते. म्हणून घ्यायचंच तर वर्षाचं एकदम घ्या, आणि डॉलरच्या भावावर बँकेचा मार्कअप (वरचा आकार) आणि जीएसटी धरून हिशोब करा.

चौथं काम: पान बांधणं

सगळ्यात वर पार्टीचं नाव, काय करता ते एका ओळीत, आणि "सोलापूर". त्याखाली व्हिडिओ. व्हिडिओखाली मोठं हिरवं बटण, "तारीख विचारा". एवढं एका बोटाच्या सरकवण्यात दिसलं पाहिजे. आपोआप गाणं वाजायला लागणारी साईट करू नका, माणूस ऑफिसात असतो, घाबरून बंद करतो.

बटणामागं व्हॉट्सॲपची लिंक लावायची. पत्ता असा: डब्ल्यूए डॉट मी (wa.me), तिरकी रेघ, ९१ आणि लगेच तुमचा दहा आकडी नंबर, मध्ये अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही, मोकळी जागा नाही. पुढं प्रश्नचिन्ह, इंग्रजीत टेक्स्ट (text) आणि बरोबरचं चिन्ह टाकून तयार मजकूर पण लावता येतो, म्हणजे बटण दाबलं की "नमस्कार, कार्यक्रमाची तारीख: , गाव: , निमित्त: , वेळ: " असं आपोआप लिहून येतं आणि समोरचा फक्त भरतो. नुसतं "रेट काय" असले मेसेज यानं निम्म्यावर येतात. यासाठी वेगळं सिम आणि व्हॉट्सॲप बिझनेस ठेवा, घरचा नंबर साईटवर नको.

त्याखाली "आम्हाला काय लागतं" असा भाग ठेवा, हा बहुतेक कोणीच करत नाही आणि यानंच तुम्ही पक्के वाटता. स्टेज किती बाय किती, माईक किती, तबल्याला दोन आणि पेटीला एक, लाईट गेली तर जनरेटर कोणाचा, किती माणसं जेवायला. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद हा कायद्याचा नियम आहे, सवलतीचे दिवस ठरलेले असतात, म्हणून "कार्यक्रम ७ ला सुरू झाला तर पूर्ण तीन तास मिळतील" असं आधीच लिहून ठेवलं की ऐनवेळी पोलिसांसमोर वाद होत नाही.

सोलापूरकरांसाठी खास म्हणजे भाषा. आपल्या शहरात निम्मी गल्ली तेलुगू बोलते, निम्मी कन्नड, आणि कलबुर्गी-विजयपूर काही लांब नाही. दहा-बारा ओळींचं एक कन्नड आणि एक तेलुगू पान ओळखीच्या माणसाकडून लिहून घ्या. मशीनचं भाषांतर तसंच चिकटवू नका, पद्मशाली समाजाच्या लग्नाचं बोलणं करायला आलेले अण्णा एका ओळीत ओळखतात.

मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे फोनवर टाईप होतं तसल्या मराठीत. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून आणलेली माहिती साईटवर चिकटवली की कचरा दिसतो, आणि त्याचा फोटो करून लावला तर गूगलला वाचता येत नाही. फोनवर बोलून टाईप केलेलं चालतं, फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघून घ्या. फॉन्ट "मुक्ता", "बालू", "नोटो" किंवा "हिंद" घ्या, हे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. पैसे भरायच्या आधी ट्रायलमध्ये "ऱ्या", "र्क", "ज्ञ", "श्री" टाईप करून बघा, जोडाक्षरं फुटत असतील तर ते टेम्प्लेट सोडा.

गाण्यांचे हक्क थोडक्यात. संतांच्या अभंगांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण कोणाची तरी चाल आणि रेकॉर्डिंग सगळ्यांचं नाही. सिनेमाचं गाणं कार्यक्रमात गायलात त्याचा यूट्यूब व्हिडिओ दाखवणं वेगळं, आणि त्याची एमपीथ्री साईटवर डाऊनलोडला ठेवणं वेगळं, दुसरं करू नका. स्वतःची गाणी असतील तर गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हा.

पाचवं काम: पैसे

ॲडव्हान्ससाठी यूपीआय. साईटवर क्यूआर लावायची हौस असते, पण माणूस त्याच फोनवर बघतोय, तो स्कॅन कशानं करणार? त्यापेक्षा तारीख पक्की झाली की व्हॉट्सॲपवर यूपीआय आयडी किंवा रेझरपेसारखी पेमेंट लिंक पाठवा. लिंकवाल्यांना केवायसी लागतं आणि ते दोन टक्क्यांच्या आसपास कापतात, पण पावती मिळते, कॉलेज-संस्थांना ती लागते.

नंबर उघड्यावर आला की ठग पण येतात. "मी मिलिटरीतून बोलतोय, कॅम्पात कार्यक्रम आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही आणि पिन तर नाहीच. पार्टीतल्या सगळ्यांना सांगून ठेवा, फोन ढोलकीवाल्याच्या पोरानं उचलला तरी त्याला माहीत पाहिजे.

सहावं काम: लोकांना सापडणं

पानाच्या टायटलमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग घाला, कारण लोक दोन्हीनं शोधतात. "बँजो पार्टी सोलापूर", "सुगम संगीत सोलापूर", "हळदीची गाणी पंढरपूर" असं जे लोक खरंच टाईप करतात ते मजकुरात सहज येऊ द्या, वीस गावांची नुसती यादी ठोकू नका. मग गूगल सर्च कन्सोलमध्ये (गूगलला आपली साईट कळवायचं टूल) साईट जोडा, फुकट आहे, दिसायला काही दिवस जातात. यूट्यूब चॅनेल, इन्स्टा बायो, फेसबुक पान, सगळीकडं हाच पत्ता.

टेम्पोच्या मागं आणि स्टेजच्या बॅनरवर क्यूआर छापा, हा मात्र कामाचा. तो क्रोममधल्या शेअरच्या मेनूतून बनवा. "फ्री क्यूआर" देणाऱ्या काही साईट ट्रायल संपल्यावर कोड बंद करतात आणि तुमचा बॅनर मुका होतो.

जुन्या गिऱ्हाईकांना कळवायला व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट, पण एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतं, म्हणून कार्यक्रम संपल्यावर "नंबर सेव्ह करा" हे निवेदकाकडून सांगून घ्या.

नंतरची देखभाल

गणपतीच्या दीड-दोन महिने आधी, गड्ड्याच्या जत्रेआधी (सिद्धेश्वर यात्रा) आणि लग्नसराईआधी अर्धा तास बसून साईट उघडा. गेल्या वर्षीचा व्हिडिओ काढून नवा लावा, पार्टी सोडून गेलेल्या गायिकेचा फोटो काढा, बटण दाबून मेसेज खरंच येतो का बघा. भरलेल्या तारखा गूगल कॅलेंडरवर "बुक" एवढंच लिहून दाखवा, कोणाकडं आणि कुठं ते लिहू नका, नाहीतर दुसरी पार्टी कमी भाव घेऊन तिथंच पोचते. डोमेन रिन्यूची तारीख दोन जणांच्या फोनमध्ये महिनाभर आधीची लावून ठेवा, आणि पासवर्ड तुमच्याशिवाय घरातल्या एकाला माहीत असू द्या.